जुन्या फोर-बाय-फोर जीपने बर्फात जाताना: सोलापुरातील तयारी आणि हिमाचलमधील चालवणे

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यात जुनी फोर-बाय-फोर जीप जपून ठेवणारी बरीच घरे आहेत. कोणाकडे महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी असते, कोणाकडे एमएम ५४०, कोणाकडे मारुती जिप्सी, तर एखाद्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा. या गाड्या शेतात, मुरमात आणि पावसाळ्यातल्या चिखलात आपले काम चोख करतात, त्यामुळे कधीतरी मनाली किंवा लाहौलच्या बर्फात ही गाडी घेऊन जावी, असे त्यांच्या मालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ही इच्छा पूर्ण होण्यासारखी आहे. मात्र सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीत असे काही दोष साठलेले असतात की जे चाळीस अंशांच्या तापमानात कोणाच्याही लक्षात येत नाहीत आणि शून्याच्या खाली गेल्यावर पहिल्याच सकाळी गाडी बंद पाडतात. म्हणून बर्फाची खरी तयारी मनालीत पोहोचल्यावर करायची नसून सोलापुरातल्या आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये, निघण्याच्या किमान महिनाभर आधी करायची असते.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. फोर-बाय-फोरमुळे गाडीला पुढे जाण्यासाठी चारही चाकांची पकड मिळते. थांबण्यासाठी त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. ब्रेक प्रत्येकच गाडीला चार चाकांवर असतात आणि त्या चाकांखाली पकड किती आहे, हे रस्ता ठरवतो. ताशी ३० किलोमीटर वेगात असलेली गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर साधारण ५ मीटरमध्ये थांबते, दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला १५ ते २० मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ३५ मीटरही पुरत नाहीत. हिमाचलच्या घाटात दोन वळणांमधले अंतर अनेकदा त्याहून कमी असते. पुढचे सर्व विवेचन हे आकडे मनात ठेवूनच वाचावे.

उन्हाने झाकलेले दोष

सर्वांत आधी रेडिएटरकडे वळावे. आपल्याकडील अनेक जुन्या जीपमध्ये रेडिएटरमध्ये साधे नळाचे किंवा बोअरचे पाणी असते, कारण गळती असली तर वाटेत कुठेही भरता येते. हेच पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि इंजिनाचा ब्लॉक किंवा रेडिएटरची नळी फोडते. एका रात्रीत होणारे हे नुकसान पुढे कोणत्याही दुरुस्तीने पूर्ण भरून निघत नाही आणि जुन्या इंजिनाचा ब्लॉक बाजारात सहज मिळतही नाही. म्हणून रेडिएटरचा आणि इंजिन ब्लॉकचा असे दोन्ही ड्रेन कॉक उघडून जुने पाणी पूर्ण काढावे. ब्लॉकचा कॉक बहुधा क्षाराने बुजलेला असतो. तो उघडला तरी थेंबही पडत नाही आणि पाणी संपले असा समज होतो. अशा वेळी कॉक काढून बारीक तारेने छिद्र मोकळे करावे, आतून गढूळ, तांबूस पाणी येऊ लागले की ते स्वच्छ होईपर्यंत वरून पाणी सोडत राहावे आणि मगच इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरावे. हे मिश्रण शून्याखाली साधारण ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जुना गंज धुऊन निघाला की कधी कधी नवी गळती दिसू लागते. ती सोलापुरात दिसलेली केव्हाही बरी, आणि म्हणूनच हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये.

दुसरा दोष थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी रोखणाऱ्या झडपेचा. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो, आणि तो काढल्याचे मालकाला कित्येकदा सांगितलेलेही नसते. सोलापुरात त्यावाचून काही अडत नाही. थंडीत मात्र इंजिन योग्य तापमानापर्यंत पोहोचतच नाही, डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर येत राहतो आणि पिस्टन-रिंगची झीज वाढते. हाऊसिंग उघडून आत थर्मोस्टॅट आहे का ते स्वतः पाहावे. असल्यास तो गरम पाण्याच्या भांड्यात सोडून उघडतो का, हे तपासावे. नसल्यास नवा बसवावा.

तिसरा दोष ग्लो प्लगचा, आणि एमएम ५४० सारख्या डिझेल गाड्यांसाठी तो निर्णायक ठरतो. या गाडीच्या एक्सडीपी इंजिनाला थंड असताना सुरू होण्यासाठी ग्लो प्लगची उष्णता लागते. सोलापूरच्या हवेत चारपैकी तीन प्लग जळून गेलेले असले तरी इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, त्यामुळे ते गेल्याचे कळण्याचा मार्गच राहत नाही. प्रत्येक प्लगची वायर वेगळी करून बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या धन टोकापासून प्लगच्या टोकाला लावावा. दिवा लागला तर आतील तार शाबूत आहे, न लागल्यास प्लग बदलावा. त्यानंतर रिले आणि डॅशबोर्डवरील बटण यांचीही खात्री करावी, कारण जुन्या गाड्यांत ही वायर कोणीतरी कधीतरी तोडून टाकलेली असते.

बॅटरीच्या बाबतीत काटकसर करू नये. शून्याखाली १८ अंशांवर पूर्ण चार्ज असलेली बॅटरीदेखील जवळपास निम्मीच ताकद देते आणि त्याच वेळी घट्ट झालेले ऑईल सेल्फकडून नेहमीपेक्षा जास्त ताकद मागत असते. पूर्ण उतरलेली बॅटरी तर शून्याखाली सात-आठ अंशांवरच गोठून फुटू शकते, तर भरलेली बॅटरी त्या थंडीत गोठत नाही. हायड्रोमीटरने प्रत्येक खान्याची घनता पाहावी, ती १.२६ च्या वर आणि सर्व खान्यांत सारखी असावी. बॅटरीइतकेच महत्त्व इंजिन आणि चासी यांमधील अर्थच्या पट्टीला आहे. ती गंजलेली असेल तर नवी बॅटरी टाकूनही सेल्फ दमल्यासारखाच फिरतो.

इंजिन ऑईल २०-डब्ल्यू-४० असेल तर १५-डब्ल्यू-४० वर यावे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलकडे ताकद वाटणारी पेटी) यांमध्ये ९० नंबरचे जाड ऑईल असल्यास ८०-डब्ल्यू-९० वापरावे, परंतु डब्यावरील जीएल-४ आणि जीएल-५ हा ऑईलच्या प्रतीचा फरक पाहूनच. जुन्या गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-४ मानवते; जीएल-५ मधील काही रसायने पितळेला खातात. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एक्सलवरील ज्या गिअरपेटीमुळे दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात तिच्यात, जीएल-५ चालते. दोन्ही एक्सलवरील ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रे) मोकळे आहेत का, हेही याच वेळी पाहावे, कारण तापलेले एक्सल बर्फात थंड होताना आत हवा ओढतात आणि ब्रीदर बुजलेला असल्यास सीलमधून पाणी आत घेतात.

पेट्रोलच्या जुन्या जीपचे काम या मानाने सोपे असते. प्लग, पॉइंट, कन्डेन्सर आणि हाय टेन्शन वायरी नव्या घालाव्यात आणि कार्ब्युरेटरचा चोक पूर्ण बंद होतो का, तेवढे पाहावे.

एका बाजूला ओढणारा ब्रेक

सोलापुरातल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी थोडी डावीकडे ओढत असेल, तर आपला हात नकळत ती सरळ ठेवतो आणि त्याची सवय होऊन जाते. बर्फावर हाच किरकोळ फरक गाडी आडवी करतो, कारण ज्या चाकाचा ब्रेक आधी लागतो ते चाक ताबडतोब जाम होऊन घसरू लागते आणि उरलेली तीन चाके गाडीला त्याच्याभोवती फिरवतात. माझ्या मते जुन्या गाडीच्या बर्फातील सुरक्षिततेसाठी याहून महत्त्वाचे काम नाही. चारही चाकांचे ब्रेक उघडून व्हील सिलिंडर गळतात का, लायनरला तेल लागले आहे का, हे पाहावे. मग एकेक चाक जॅकवर उचलून ते हाताने फिरवत अॅडजस्टर आवळावा, लायनर किंचित घासू लागले की तेवढेच मागे घ्यावे आणि चारही चाकांना तोच स्पर्श आहे याची खात्री करावी. यानंतर मोकळ्या, सपाट मुरमाच्या जागेवर थोडे पाणी शिंपडून ताशी २० किलोमीटर वेगात ब्रेक मारावा आणि खाली उतरून चाकांच्या खुणा पाहाव्यात. चारही खुणा साधारण एकाच ठिकाणी सुरू झालेल्या दिसल्या पाहिजेत.

स्टिअरिंगचा मोकळा प्ले, टाय रॉडचे एंड, किंग पिनचे बेअरिंग आणि पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश यांचेही तसेच. महामार्गावर सहन होणारा प्ले बर्फात उपयोगी नाही, कारण तिथे स्टिअरिंग अगदी थोडे आणि अगदी वेळेवर फिरवावे लागते.

टायर, हवा आणि चेन

टायरची नक्षी कितीही खोल असली, तरी रबर कडक झालेले असेल तर ते बर्फावर टिकत नाही. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा निर्मितीचा सांकेतिक क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. जुन्या जीपवर अनेकदा नक्षी शाबूत पण वय दहा वर्षांहून अधिक, असे टायर असतात. ते बदलावेत. जीपचे मूळ ६.००-१६ मापाचे अरुंद टायर रस्त्यावरच्या उथळ बर्फात चांगले चालतात, कारण ते थर कापून खालच्या जमिनीपर्यंत पोहोचतात. दिसायला भारदस्त असे रुंद टायर खोल, न दाबलेल्या बर्फावर तरंगण्यासाठी बरे असले, तरी रस्त्यावरच्या पातळ थरावर ते वर वर घसरतात.

सोलापुरात ३५ अंशांना भरलेल्या टायरची हवा शून्य अंशाला चार-पाच पीएसआयने कमी भरते, तर तीनेक हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब घटल्यामुळे गेज जवळपास तेवढेच जास्त दाखवते. म्हणून तर्काने हिशेब मांडत न बसता, तिथे पोहोचून, सकाळी गाडी हलवण्यापूर्वी गेज लावून हवा पाहावी. मऊ बर्फात शिरताना हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवल्यास टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. ट्यूब असलेल्या टायरमध्ये मात्र १५ च्या खाली जाऊ नये, कारण जोर लागल्यावर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्हची मान तुटते. रिम आणि टायर यांवर खडूने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. ती मोडलेली दिसली की टायर सरकू लागला आहे, असे समजावे. हवा उतरवली तर ती पुन्हा भरण्यासाठी पंप किंवा कॉम्प्रेसर सोबत असलाच पाहिजे.

गोठलेल्या, चकचकीत थरावर टायरची हवा किंवा फोर-बाय-फोर यांपैकी कशाचाच भरवसा धरता येत नाही. तिथे लोखंडी चेनच लागतात. त्या टायरच्या नेमक्या मापाच्या घ्याव्यात, सोलापुरात अंगणातच दोन-चार वेळा चढवून-उतरवून हाताला सवय करावी आणि चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून चेन ब्रेकच्या होजला, पाट्यांना किंवा मडगार्डला लागत नाही ना, हे पाहावे. चारही चाकांना चेन असणे उत्तम. एकच जोड असेल तर आखूड जीपला मी ती मागे लावण्याच्या मताचा आहे, कारण उतारावर मागचा हलका भाग सुटला की गाडी स्वतःभोवती फिरते आणि मग स्टिअरिंगचा उपयोग राहत नाही. पुढची पकड कमी राहते हे ध्यानात घेऊन वळणावर वेग आणखी कमी ठेवावा. चेन लावल्यावर दोन-तीनशे मीटर जाऊन थांबावे, सैल झालेल्या कड्या पुन्हा ताणाव्यात आणि ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नये. चेन अडकण्यापूर्वी लावायच्या असतात. चाक बर्फात रुतल्यावर त्या लावणे फार अवघड होते.

कागदपत्रे आणि वाट

पंधरा वर्षांहून जुन्या गाडीची पुनर्नोंदणी, विमा आणि पीयूसी चालू असावेत. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते, पण तशी नोंदणी असलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. बर्फाच्या प्रवासासाठी नेहमीच्या नोंदणीची गाडीच न्यावी.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आलेले आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीत वेळोवेळी बदल होत असतात, म्हणून तो भाग टाळलेलाच बरा. सोलापूरकरांची इथे चांगली सोय आहे. आपल्या गावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, सीकर, हिसार असा थेट पंजाबातील संगरूरपर्यंत जातो आणि दिल्लीला वळसा घालतो; वाटेतला हरियाणातील जिंद जिल्ह्याचा नरवाणाजवळचा तुकडा मात्र राजधानी क्षेत्रातच मोडतो. तिथून पुढे मंडी-कुल्लूमार्गे मनाली गाठता येते. या संपूर्ण वाटेवर जुन्या जीपला तिच्या स्वाभाविक वेगाने, दर दोनेक तासांनी थांबवत न्यावे.

मनालीपलीकडे हिवाळ्यात बहुतेक वर्दळ सोलंग खोरे, अटल बोगदा आणि बोगद्यापलीकडील सिस्सू या भागात असते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंदच असते. ताजी बर्फवृष्टी झाल्यावर पोलीस सोलंगच्या पुढे फक्त फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात, कधी तर कोणालाच सोडत नाहीत. त्यांचा निर्णय वाद न घालता मानावा. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण संशोधन विभागाची डीजीआरई ही संस्था देते. लाहौलच्या बाजूला जाण्यापूर्वी ते पाहावेत आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस नाल्यांखालच्या रस्त्यांवर जाऊ नये.

काळ्या मातीतला सराव

बर्फासारखी निसरडी जागा सोलापुरात नाही, तरी पावसाळ्यानंतरची ओली काळी माती बरेच काही शिकवते. स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेताच्या कडेला, परवानगी घेऊन, फोर-बाय-फोर आणि लो गिअर (कमी वेगात जास्त ओढ देणारा) टाकण्या-काढण्याचा सराव करावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील माळरानावर किंवा नदीपात्रात गाडी घालू नये.

जुन्या जीपमध्ये बहुधा दोन लीव्हर असतात. एकाने पुढचा एक्सल जोडला जातो, तर दुसऱ्याने हाय आणि लो बदलते. आधी पुढचा एक्सल जोडावा आणि गाडी पूर्ण थांबवून मगच लो टाकावा. पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतील तर ते ‘लॉक’ वर केल्याशिवाय लीव्हर टाकूनही पुढची चाके ओढत नाहीत. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसते, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोरमध्ये वळणे घेतली की ट्रान्सफर केसवर ताण साठतो आणि लीव्हर अडकून बसतो. तसे झाल्यास लीव्हरशी झटापट न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. ताण सुटला की तो अलगद निघतो. हिमाचलच्या रस्त्यावर उन्हात कोरडे डांबर आणि सावलीत बर्फ असे पट्टे एकामागोमाग येतात, त्यामुळे हे वारंवार घडते.

मात्र काळ्या मातीची एक सवय इथेच सोडावी लागेल. चिखलात आपण वेग धरून, अॅक्सिलरेटर दाबून पार होतो, कारण फिरणारे चाक नक्षीत भरलेली माती फेकून देते. बर्फात फिरणारे चाक खालचा थर वितळवते, तो लगेच पुन्हा गोठतो आणि चाकाखाली आपणच काच तयार करतो.

बर्फावर चालवताना

सकाळी निघण्यापूर्वी छपरावरचा, बॉनेटवरचा आणि दिव्यांवरचा बर्फ झाडून काढावा. छतावर राहिलेला ढीग पहिल्या ब्रेकला समोरच्या काचेवर येतो. ताडपत्रीच्या हुडाच्या जीपमध्ये काच आतून धुरकट होते, म्हणून खिडकीची एक फट उघडी ठेवावी आणि सुती फडके हाताशी असू द्यावे.

गाडी हलवताना लो रेंजमध्ये दुसरा गिअर टाकून क्लच हळू सोडावा आणि शक्य तितका कमी अॅक्सिलरेटर द्यावा. डिझेल इंजिन अशा वेळी आयडलवरच गाडी ओढून नेते. एकदा चालू लागल्यावर अॅक्सिलरेटर, ब्रेक आणि स्टिअरिंग या तिन्हींपैकी एका वेळी एकाच गोष्टीला हात किंवा पाय लावावा. वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच, वेग उतरवावा. वळणात केवळ स्टिअरिंग फिरवावे. बाहेर पडताना पुन्हा अलगद अॅक्सिलरेटर द्यावा. पुढची चाके सरळ घसरू लागली तर स्टिअरिंग आणखी वळवू नये, उलट थोडे सरळ करून अॅक्सिलरेटर सोडावा, म्हणजे चाके पुन्हा पकडतात. मागचा भाग सुटला तर तो ज्या बाजूला जातो आहे त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवावे आणि ब्रेकवर पाय ठेवू नये.

या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, नाही. चाके जाम झाली की स्टिअरिंग निकामी होते, म्हणून ब्रेक दाबून न ठेवता, हलके दाबून लगेच सोडणे, पुन्हा दाबणे, असे करत वेग उतरवावा. चढावर पुरेसा वेग धरून सुरुवात करावी आणि मध्ये गिअर बदलू नये. गाडी अर्ध्या चढावर थांबलीच तर वळवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. रिव्हर्स गिअर टाकून, क्लच पूर्ण सोडून, इंजिनाच्या ब्रेकवर सरळ मागे यावे.

उतारावर लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गिअर हाच खरा ब्रेक असतो. क्लच दाबून गाडी सोडणे हा घाटावरच्या अनेक चालकांचा डिझेल वाचवण्याचा उपाय बर्फात जीवघेणा ठरतो. इंजिनाच्या ओढीनेच चाके घसरू लागली, तर किंचित अॅक्सिलरेटर देऊन चाकांचा वेग गाडीच्या वेगाशी जुळवून घ्यावा. गाडी उतरत असताना हे करायला धीर होत नाही, पण पकड त्यानेच परत येते.

बर्फाचे रूप दिवसभर बदलते. पहाटे कडक, दुपारी पाणचट, आणि ऊन गेल्याबरोबर तेच पाणी पारदर्शक थर होऊन डांबरासारखे काळे दिसते. पुलांवर, बोगद्याच्या तोंडाशी आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर हा थर दुपारीही असतो. परतीचा प्रवास ऊन असतानाच पूर्ण करावा. उंचीवर इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे जीप दमल्यासारखी वाटली तर तो तिचा दोष मानू नये. एक गिअर खाली येऊन चालवावे.

रुतल्यावर

या जीपच्या डिफरन्शियलखाली साधारण २० सेंटीमीटर जागा असते. त्याहून खोल बर्फात शिरले की एक्सल बर्फ पुढे ढकलत जातात, गाडीच्या पोटाखाली तो दाबला जातो आणि चाके अधांतरी होतात. चाक एकदा जागेवर फिरले की लगेच थांबावे. उतरून फावड्याने आधी एक्सल आणि पोटाखालचा बर्फ काढावा, मग प्रत्येक चाकापुढे हातभर लांबीचा उतार खणावा. यानंतर पुढे-मागे, पुढे-मागे असे हलके झोके देत गाडी स्वतःचा रस्ता दाबत बाहेर येते. साध्या डिफरन्शियलमुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक फुकट फिरत असेल, तर अॅक्सिलरेटर देताना पायाचा ब्रेक अगदी हलका लावून पाहावा. त्यामुळे थोडी ओढ दुसऱ्या चाकाकडे जाते.

दुसऱ्या गाडीने ओढताना दोर चासीच्या हूकलाच बांधावा, बंपरला किंवा एक्सलला बांधू नये. दोराच्या मध्यावर एक जाड चादर टाकावी, आणि यासाठी आपल्या सोलापुरी चादरीइतकी योग्य वस्तू नाही: तिच्या वजनामुळे दोर तुटलाच तर तो उसळण्याऐवजी खाली पडतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभे राहू नये.

अडकून पडल्यावर ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवायचे असेल, तर सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ दर थोड्या वेळाने काढावा. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साठतो आणि जुन्या जीपच्या तळपत्र्यातील फटींमधून आत येतो. त्याला वास नसतो. इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे, एक खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. अशा वेळेसाठी घोंगडी, कोरडे मोजे, पाणी आणि टिकाऊ खाणे हवे; कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर खराब होत नाही आणि थंडीत ताकदही देते.

रात्रीची व्यवस्था

मैदानी भागातले डिझेल कडक थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर बुजवते. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करून मनाली-केलांगकडच्या पंपावर भरावी. इंडियन ऑईलने २०१९ मध्ये लडाख, काझा, केलांग अशा भागांसाठी हिवाळी डिझेल आणले असून ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. गोठलेल्या टाकीखाली जाळ करण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. तो करू नये.

गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी करावी. हँडब्रेक ओढू नये, कारण ओले लायनर रात्रीतून ड्रमला चिकटून गोठतात. वायपर काचेवरून उचलून ठेवावेत. थांबण्यापूर्वी ब्रेक हलके लावत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रम कोरडे होतात. गाडीची पाठ वाऱ्याकडे करून बॉनेटवर चादर आणि वर ताडपत्री बांधावी. शक्य असल्यास बॅटरी काढून खोलीत न्यावी. सकाळी ग्लो प्लग नेहमीपेक्षा जास्त वेळ तापवावेत, क्लच दाबून सेल्फ मारावा आणि इंजिन सुरू झाल्यावर लगेच रेस न करता काही मिनिटे तसेच राहू द्यावे. पहिला किलोमीटरभर स्टिअरिंग आणि गिअर जड लागतात, कारण ग्रीस आणि ऑईल दोन्ही घट्ट झालेले असतात.

परत आल्यावर

मैदानात उतरल्याबरोबर टायरची हवा पूर्ववत करावी आणि हब मोकळे करावेत. सोलापुरात पोहोचल्यावर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचे ड्रेन प्लग किंचित सैल करून पाहावे. दुधाळ रंगाचे ऑईल आले तर आत पाणी गेले आहे, ते सर्व बदलावे. पुढच्या एक्सलच्या नकलमधील (चाक वळवणाऱ्या सांध्यातील) ग्रीस काढून नवे भरावे, पाटे धुऊन त्यांना ग्रीस द्यावे, ड्रम उघडून आत साठलेली बारीक रेती साफ करावी. कूलंट काढून पुन्हा नळाचे पाणी भरण्याची गरज नाही. तेच मिश्रण उन्हाळ्यातही उकळण्यापासून आणि गंजापासून संरक्षण देते. चेन गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, जुन्या इंजिन ऑईलचा हात फिरवून गोणपाटात बांधून ठेवाव्यात.